घरात बोलली जाणारी भाषा

मागच्या आठवड्यात तुमची आई व्हिडिओ कॉलवर फार चिडलेली होती. तुमच्या नव्या शाळेच्या फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असा प्रश्न होता. तिने खरं ते लिहिलं, मराठी. लगेच शाळेने तुम्हा दोघांना उचलून इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वर्गात नेऊन बसवलं, कारण अशा मुलांसाठी शाळेला सरकारकडून वेगळं अनुदान मिळतं. तुम्हाला इंग्रजी येत नाही ही बातमी मला नवीन होती. मी इतके दिवस समजत होते की तुम्हाला मराठी येत नाही. "आई, खोटंच लिहायला हवं होतं गं," तुमची आई म्हणाली, आणि मी त्याच दुपारी वही काढली. खरं तर या वहीत मी माझ्या आठवणी क्रमाने लिहिते आहे आणि क्रम मोडणं मला आवडत नाही. पण या प्रश्नाला आमच्या घरातून एकदा खोटं उत्तर गेलं होतं, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला आत्ताच ठाऊक असलेलं बरं. आई वाचून दाखवेल. ती मध्येच काही गाळते आहे असं वाटलं तर तिला थांबवा.

आधी घर सांगते. मस्कतच्या वादी कबीर भागात एका गॅरेजच्या डोक्यावर दोन खोल्या होत्या. आज मी राहते तिथून ती इमारत चालत दहा मिनिटांवर आहे. गॅरेज अजून आहे, मालक बदलले. खाली दिवसभर गाड्यांचे पोचे काढत, म्हणजे पत्रा ठोकत. सकाळी सात ते एक आणि चार ते आठ. मधल्या तीन तासांत आवाज थांबला की माझ्या आईला, म्हणजे तुमच्या पणजीला, चुकल्यासारखं व्हायचं आणि ती झोपेतून जागी व्हायची. एसी एकच होता, तोही बैठकीच्या खोलीत, आणि त्याचा स्वतःचा एक खोकला होता. त्या एसीच्या वर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि मूर्तीशेजारी बाबांची ड्रॉइंगची पेनं, पट्ट्या आणि स्टेन्सिलचा डबा. देवघर आणि ऑफिस असं एकाच फळीवर होतं, आणि दोन्हींना हात लावायला आम्हाला बंदी होती.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. आठवड्यातले चार दिवस रुस्ताकच्या साइटवर, उरलेले मस्कतच्या ऑफिसात. त्यांची अक्षरं छापल्यासारखी यायची. किराणा सामानाची यादीसुद्धा ते एकाच उंचीच्या मोठ्या अक्षरांत लिहीत, त्यामुळे 'मीठ' आणि 'रस्ता बंद' यांचा रुबाब सारखाच असे. ऑफिसात ते इंग्रजी बोलत, शेजारच्या मराठी लोकांशी पुस्तकातली मराठी, आणि वऱ्हाडी त्यांनी अमरावतीच्या स्टेशनवरच सोडली होती असा त्यांचा समज होता. आईने ती उचलून बरोबर आणली होती. आई सकाळी खबूस, म्हणजे इथली भट्टीतली रोटी, आणायला खाली जायची आणि बेकरीवाल्या पाकिस्तानी चाचांशी अस्सल वऱ्हाडीत भाव करायची. चाचा पश्तूमध्ये उत्तर देत. दोघांचं कधी बिनसलं नाही. तुरीचं वरण, वांग्याची भाजी, ठेचा, आणि ज्वारी मिळेना म्हणून भाकरीऐवजी तो खबूस; आईने त्याला कधी माफ केलं नाही, पण रोज चार आणले.

मी बारा वर्षांची होते. गावच्या मराठी शाळेत सातवी करून आले होते, पहिल्या नंबराने, आणि या नंबराचा इथे कोणालाही काही उपयोग नव्हता. भारतीय शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला इंग्रजीत एक प्रश्न विचारला. मी उभी राहिले, कारण प्रश्न विचारला की उभं राहायचं एवढं मला येत होतं. त्यांनी बाबांना सांगितलं, की वर्षभर खास इंग्रजीच्या वर्गात बसवू. वर्षअखेरीस जमलं तर आठवीत घेऊ, नाही तर मुलीला परत पाठवावं लागेल. परत म्हणजे अमरावतीला, माझ्या आत्याकडे. आत्याने लगोलग पत्र पाठवलं, की खिडकीजवळची खाट रिकामी करून ठेवली आहे, काळजी नसावी. काळजी त्या पत्रापासूनच सुरू झाली. आई-बाबा इथे आणि मी तिथे, असं दहावी होईपर्यंत. आई ते पत्र डाळीच्या डब्यात ठेवायची आणि डाळ काढताना रोज वाचायची.

खास वर्ग शाळेच्या मागे एका पोर्टा केबिनमध्ये भरायचा. शिकवायला लिली मिस होत्या, कोट्टायमच्या, बारीक, उंच आणि अतिशय कडक. पुस्तकं नव्हती, म्हणून त्या घरचे रिकामे डबे आणत: दूध पावडरचे, छोल्यांचे, टोमॅटोचे. डब्याच्या एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आम्ही डबे फिरवून वाचायचो. माझं पहिलं पूर्ण इंग्रजी वाक्य 'कोरड्या आणि थंड जागी ठेवा' हे होतं, आणि मस्कतमध्ये ते कुठे ठेवायचं हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. आमच्यात तमिळ, गुजराती, मल्याळी, मराठी अशी सगळी मुलं होती. एकमेकांची भाषा कोणालाच येत नव्हती, त्यामुळे भांडणसुद्धा इंग्रजीतच करावं लागे, आणि म्हणूनच आमची प्रगती झपाट्याने होत होती.

हा वर्ग सरकारच्या पुरवणी अनुदानावर चाले. नक्की कोणत्या सरकारच्या, ते मला आजही सांगता येणार नाही. शाळेचे क्लार्क कदम काका, गुहागरकडचे, म्हणायचे की आपल्या सरकारचं. मुख्याध्यापक म्हणायचे इथल्या. दोन्ही सरकारांना बहुधा ते दुसऱ्याचं वाटत असावं, आणि म्हणूनच ते नियमित येत होतं. अट एकच. दरवर्षी प्रत्येक पालकाने एक अर्ज भरायचा. त्यात मुलाचं नाव, वय, पत्ता आणि शेवटी, घरात बोलली जाणारी भाषा. इंग्रजी सोडून दुसरी भाषा लिहिली की ते मूल 'मदतीची गरज असलेलं' ठरे, आणि अशी मुलं पुरेशी असली की वर्ग चालू राही.

बाबांनी अर्ज तसबिरीखालच्या फळीवर ठेवला, हात धुतले, पेन निवडलं. नाव, वय, पत्ता. शेवटच्या रकान्यात त्यांनी एकाच उंचीच्या सात इंग्रजी अक्षरांत लिहिलं: इंग्लिश.

"कोन बोलते इंग्लिश?" आईने विचारलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्याने वाचलं होतं.

"बोलायला लागू," बाबा म्हणाले.

आता गंमत अशी, की हे फक्त आमच्याच बाबांनी केलं नव्हतं. शाळेतल्या एकूण एक वडिलांनी तेच लिहिलं होतं. दाक्षिणात्य अकाउंटंट, गुजराती दुकानदार, कोकणातले एसी मेकॅनिक, सगळ्यांनी. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे आपली भाषा लिहितीलच, तेवढ्यावर वर्ग चालेल. आपल्या एकट्या मुलाच्या नावापुढे कमीपणा कशाला? आखातात आलेला माणूस घरी पाठवायच्या फोटोत कधी घामेजलेला दिसत नाही. त्यातलाच हा प्रकार.

महिन्याभराने उत्तर आलं आणि मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. आपल्या शाळेतील सर्व मुलांच्या घरी इंग्रजी बोलली जाते हे वाचून आनंद झाला, असं पहिलं वाक्य होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं. त्यामुळे पुरवणी अनुदानाची गरज उरलेली नाही, हे दुसरं त्यांनी एकदाच आणि जरा भराभर वाचलं. शेवटी अभिनंदन होतं. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त टाळ्या आमच्या खास वर्गाने वाजवल्या, कारण आम्हाला त्यातलं 'अभिनंदन' तेवढं कळलं होतं. लिली मिसनी वाजवल्या नाहीत. वर्गात आल्यावर त्यांनी आम्हाला तेच पत्र डब्यांवर शिकलेल्या शब्दांत समजावून सांगितलं: हा वर्ग या तारखेनंतर वापरता येणार नाही.

घरी मी हे सांगितलं तेव्हा आई डाळ निवडत होती. तिने डब्यातून आत्याचं पत्र काढलं आणि बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. बाबांनी ते घडी करून बाजूला सरकवलं. "मी शिकवीन तिला," ते म्हणाले. "कवा? रुस्ताकहून चिठ्ठी धाडून?" आई म्हणाली.

दोन दिवसांनी कदम काका स्वतः आले. त्यांनी बूट दारात काढले, पाणी प्यायले आणि कोरा अर्ज पुढे केला. "वानखडे साहेब, काहीतरी करा. एका शब्दापायी आख्खा वर्ग खलास झाला. मी घरोघर फिरतोय. जो तो म्हणतो, बाजूच्याचा बदला, माझा राहू द्या. अहो, त्या बाजूच्याकडनंच आलो ना मी!"

"मी लिहिलं ते लिहिलं."

"पण खरं नाहीये ते."

बाबांनी कोरा अर्ज परत सरकवला. मग पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "कदम, माझ्या वडिलांना शाळेच्या दाराबाहेर बसवत. आतला धडा बाहेरून ऐकून ते शिकले. त्यांच्या नातीच्या कागदावर 'मदतीची गरज' असं मी माझ्या हाताने लिहू?"

कदम काकांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. मी इथपर्यंत बाबांची थट्टा केली आहे आणि पुढेही करणार आहे, पण त्यांचं हे वाक्य तेवढं बाजूला काढून ठेवा.

कदम काकांनी मग दुसरी वाट काढली. त्यांनी वरच्या ऑफिसला कळवलं, की अर्ज भरताना पालकांचा गैरसमज झाला आहे, कोणी येऊन तपासावं. ऑफिसने मान्य केलं. नमुन्यादाखल एका घरी अधिकारी जाईल आणि तिथे कोणती भाषा चालते ते पाहील. सगळ्या अर्जांमधून त्यांनी आमचं घर निवडलं. पत्ता नीट वाचता येईल असा तो एकच अर्ज होता.

आता साहेब येणार होते घरात इंग्रजी बोलत नाहीत हे पाहायला, आणि आमच्या घरात तयारी सुरू झाली इंग्रजीची. पाहुणा येतोय म्हटल्यावर बाबांना दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. त्यांनी दोन संध्याकाळी बसून आईला एक वाक्य पाठ करवलं: प्लीज हॅव टी. आईने ते भांडी घासताना, केस विंचरताना, खालच्या हातोड्याच्या ठेक्यावर म्हणून पक्कं केलं. सांबारवड्या केल्या, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि इथल्या बाजारातली ती इतकी ताजी असते की आईला वड्यांच्या बाबतीत तरी हा देश मान्य होता. मला बाबांनी सांगितलं, "तू फक्त नमस्कार कर आणि गप्प बस." मला कळत होतं, की मी गप्प बसले तर वर्ग बंद होईल आणि महिनाअखेरीला माझी बॅग भरली जाईल.

साहेब ओमानी होते, पन्नाशीचे, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, हातात कागदांची फाइल. कदम काका त्यांच्या मागे, वरात चुकलेल्या माणसासारखे. यापुढचं सगळं इंग्रजीत चाललं होतं असं समजा.

"घरात तुम्ही कोणती भाषा बोलता?" साहेबांनी विचारलं.

"इंग्लिश," बाबा म्हणाले.

"नेहमी?"

"नेहमी."

साहेब आईकडे वळले. "मॅडम, मुलगी शाळेतून आली की तुम्ही तिच्याशी काय बोलता?"

"प्लीज हॅव टी," आई म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं. "आणि तिने ऐकलं नाही तर?"

"प्लीज हॅव टी." या वेळी जरा दमात.

साहेबांनी निमूटपणे दुसरा कप घेतला. अभ्यासाबद्दल विचारलं तेव्हा तिसरा. कदम काकांनी हसू दाबायला एक अख्खी सांबारवडी तोंडात कोंबली आणि भिंतीकडे तोंड करून चावत राहिले.

मग साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? तुला काही सांगायचंय?"

मी उभी राहिले. आदल्या दिवशी लिली मिसकडून मी वाक्यं तपासून घेतली होती, असं मात्र नाही. ती माझी मलाच सुचली, आणि आजवर मी बोललेल्या इंग्रजीत तीच मला सर्वांत शुद्ध वाटतात. मी म्हणाले, "सर, माझे बाबा ऑफिसात इंग्रजी बोलतात. आम्ही घरी इंग्रजी बोलत नाही. मला अजून इंग्रजी येत नाही. कृपया आमचा वर्ग बंद करू नका."

खाली हातोडा चालू होता. बाबा उठून उभे राहिले.

"काय बोलू राहिली व तू? पाहुन्यासमोर बापाले खोटं पाडते?"

"खोटं काय हाय त्यात?" आई कपबशी घेऊनच पुढे आली. "तुमीच लिवलं ना खोटं! पोरगी अमरावतीले धाडाची हाय काय तुमाले? मंग सांगा तसं! मायी पोरगी थ्या खाटेवर एकटी झोपन, अन् तुमी इथं अक्षरं काढत बसा!"

"तू चूप राह्य!"

"काहून चूप राहू? इतके दिस चूपच होतो!"

हे बरंच चाललं. सगळं लिहीत नाही, कारण तुमची आई ते गाळेलच. अमरावतीच्या स्टेशनवर सोडलेली वऱ्हाडी बाबांना जशीच्या तशी परत सापडली होती, आणि ती बोलताना ते इतके सहज दिसत होते, की मी रडता रडता त्यांच्याकडे पाहत राहिले. साहेबांनी कप खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग कदम काकांना विचारलं, "ही कोणती भाषा?"

"मराठी, सर," कदम काका म्हणाले. आणि कोकणी माणूस असल्यामुळे राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाले, "म्हणजे, यांची."

बाबा एकदम थांबले. कपाळ पुसून खाली बसले. साहेब त्यांना म्हणाले, "मी निझवा गावचा. इंग्रजी शिकलो ती बाविसाव्या वर्षी. घरी मी अजून अरबीतच भांडतो." आणि त्यांनी तो अर्ज फाइलमधून काढून पुढे सरकवला.

बाबांनी कोणाकडे पाहिलं नाही. "पट्टी दे," एवढंच म्हणाले. मी फळीवरून पट्टी काढून दिली. त्या फळीला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. त्यांनी पट्टी लावून 'इंग्लिश'वर एक सरळ रेघ ओढली आणि तिच्यावर, तेवढ्याच उंचीची सात अक्षरं काढली. इंग्रजीत 'मराठी' लिहायलाही सातच अक्षरं लागतात. जागा पुरली.

साहेब दारात बूट घालताना आईला म्हणाले, "भाभी, चाय बहुत अच्छा. हिंदी मेरे को मालूम, पहले बोलती तो बस." आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग बाबांकडे. मग आत निघून गेली आणि तिथून तिचं हसू ऐकू आलं. मलाही हिंदी येत होती. मी हिंदीत का बोलले नाही, असं तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे: चार शुद्ध वाक्यं तयार होती आणि ती दाखवायची मला हौस होती. त्या हौसेची फळं पुढे आहेतच.

तीन आठवड्यांनी निकाल आला. अनुदान चालू, वर्ग चालू, लिली मिस चालू. बाकीच्या वडिलांचेही अर्ज मग एकेक करून बदलले गेले. वानखडे साहेबांनी बदलला म्हटल्यावर इतरांना वाट मोकळी झाली. पत्राच्या शेवटी मात्र एक परिच्छेद होता. तपासणीच्या वेळी सदर कुटुंबातील मुलगी अस्खलित इंग्रजीत बोलली. तिला मदतीची गरज नसल्याने तिचं नाव यादीतून वगळण्यात येत आहे.

म्हणजे वर्ग वाचला, आणि त्यात बसायची बंदी तेवढी मला झाली. पण दुसरीकडे सरकारनेच कागदावर लिहून दिलं होतं, की मला इंग्रजी येते. मग परत पाठवायचं कशासाठी? मुख्याध्यापकांनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला वर्षअखेरीची वाटही न बघता आठवीत बसवलं. आईने अमरावतीला कळवलं, की खाट लागणार नाही. साहेब येऊन गेले त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. ताटावर बसलं की वरण मागायचं तेसुद्धा आईच्या मार्फत.

आठवीतला पहिला दिवस मला तासातासाने आठवतो. शिक्षक काहीतरी म्हणाले, सगळ्यांनी पुस्तकं उघडली, मीही उघडलं. पान चुकीचं होतं. शेजारच्या मुलीला विचारावं, तर सरकारच्या लेखी मला सगळं येत होतं, आणि वर्गात ते सगळ्यांना माहीत होतं. सहा तास मी पानं उलटत राहिले.

तो मंगळवार होता, बाबांचा रुस्ताकचा दिवस. ते गुरुवारीच येत. संध्याकाळी खालचा पत्रा अजून वाजत होता आणि बाबा दारात उभे होते, बुटांवर साइटची धूळ, दोन तास गाडी चालवून आलेले. सकाळी त्यांना परत जायचं होतं. आईने चहा टाकला. बाबा माझ्या समोर चटईवर बसले, शास्त्राचं पुस्तक ओढून घेतलं आणि पहिला परिच्छेद खणखणीत इंग्रजीत वाचला. मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा, सावकाश वाचला. मी पुन्हा मान हलवली, आणि या वेळी ओठ चावून.

बाबा उठले. शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी होती, ती त्यांनी ओढून लावली, कडी घातली, एकदा हलवून पाहिली. मग माझ्या बाजूला येऊन बसले, पुस्तक दोघांच्या मांडीवर ठेवलं आणि चित्रातल्या झाडाच्या पानावर बोट टेकवून हळूच म्हणाले, "पाह्य सुमे, हे झाड हाय ना, थे आपलं जेवन सोताच रांधते."